मासळीच्या पेटीतली वाईन

वाईनबद्दल लिहायला बसलो आहे, तर आधी माफी मागतो. मी आयुष्यात एकदाच वाईन प्यायलो, तीही स्टीलच्या पेल्यातून, दोन घोट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिणं, एवढंच मला ठाऊक. इथे तर कुणी काही विचारलेलंही नाही. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी हे लिहायला हवं होतं. पण मला ज्या बागेबद्दल सांगायचं आहे ती त्यांच्यापैकी कुणी पाहिलेली असेल असं वाटत नाही. मी पाहिली आहे. एवढ्याच आधारावर लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही खाडीकाठचे कोळी. आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि आम्ही पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आलो. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतात. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. करंजा बंदरावरून माल आणायचा, विकून उरेल तो रात्रभर बर्फात ठेवायचा आणि सकाळी परत बाजार गाठायचा, हे ती लग्नाआधीपासून करते आहे. आमच्या मोरीशेजारी तिची मोठी निळी पेटी असते. त्या पेटीची जागा बदलायला आम्हा कुणाला परवानगी नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या बाकावर नाशिककडचा एक मुलगा येऊन बसला. प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये त्याचं नाव पनवेलला लागलं होतं. तो जवळच विचुंब्याला खोली घेऊन राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मासळीचे काटे काढायला त्याला आईनं शिकवलं. ‘‘आमच्याकडं नदीचा मासा असतो, त्याला एवढा अभ्यास लागत नाही,’’ तो म्हणायचा. आई म्हणायची, ‘‘अभ्यास करायलाच आलाय ना तू, मंग कर.’’

त्याच्या वडिलांची द्राक्षबाग होती. दुसऱ्या वर्षी तोडणीच्या दिवसांत तो मला गावी घेऊन गेला. त्यांना मी काकाच म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पांढरी टोपी, बोलणं कमी. खालच्या काळ्या जमिनीत त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची खायच्या द्राक्षांची बाग होती, लांबट टपोऱ्या मण्यांची. ती बघून मला वाटलं हीच. पण मित्र मला घेऊन वर चढला. टेकडीच्या अंगाला मुरमाड जमिनीचा एक तुकडा होता, वर खडक आणि बाजूला दुसऱ्याचं रान. त्या तुकड्यात पांढऱ्या वाईनची द्राक्षं होती. शेनिन ब्लाँ हे जातीचं नाव, मळ्यात सगळे नुसतं शेनिन म्हणत. घड मुठीसारखे गच्च, मणी वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, ऊन लागलेल्या बाजूला सालीवर तपकिरी ठिपके. मी एक तोंडात टाकला. गोड होता, पण दोन बिया दाताखाली आल्या आणि साल बराच वेळ चघळावी लागली.

‘‘हे खायचं नाही,’’ काका म्हणाले. ‘‘बाजारात नेलं तर कुणी फुकट घेणार नाही.’’

तोडणी पहाटेच सुरू व्हायची, ऊन चढायच्या आत संपवायची. द्राक्ष तापलं की वाईनला चालत नाही, असं मित्रानं सांगितलं. बाया कात्रीनं घड तोडून क्रेटमध्ये हलकेच ठेवत होत्या. काका प्रत्येक क्रेट सावलीत नेऊन ओल्या गोणपाटानं झाकत होते. वायनरीचा टेम्पो उशिरा आला तेव्हा ते रस्त्याकडे पाहत उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा गोणपाटावर पाणी शिंपडत राहिले. मला ते आईसारखं वाटलं. ती टोपलीवर तसंच पाणी मारते.

मी त्यांना विचारलं, ‘‘काका, याची वाईन कशी लागते?’’

‘‘मला काय माहीत? माळ आहे ना गळ्यात.’’

‘‘कधीच नाही चाखली?’’

मित्राचा चुलता शेजारी क्रेट उचलत होता. तो म्हणाला, ‘‘दादानं देवाशी ठरवून घेतलंय. मी पिणार नाही, पण दुसऱ्याला पाजीन.’’ बाया हसल्या. काकाही हसले, पण थोडंच.

कारण त्या तुकड्यावरून दोघा भावांत मतभेद होता. चुलत्याला तो काढून तिथंही खायची द्राक्षं लावायची होती. काकांनी त्यातली वेल न् वेल स्वतः लावली होती. मुरमात खड्डे घेताना त्यांचा खांदा निखळला होता, तो अजून दुखायचा. इतकी वर्षं वायनरी त्यांचा माल बाकीच्यांच्या मालात मिसळून टाकत असे. त्या वर्षी पहिल्यांदा तिथल्या वाईन करणाऱ्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं या उताराची थोडी वाईन वेगळी ठेवली. ती त्याला फार आवडली. परदेशातल्या एका खरेदीदाराला तिचा नमुना पाठवायचं ठरलं. त्याला पसंत पडली तर या बागेची वाईन दरवर्षी वेगळी निघणार होती, वेगळ्या नावानं. नाही पडली तर बाग जाणार. चुलत्यानं एवढं कबूल केलं होतं, ‘‘दिवाळीआधीच्या फळछाटणीपर्यंत थांबतो. पुढं ट्रॅक्टर घालीन.’’

मे महिन्यात काका स्वतः ती वाईन घेऊन पनवेलला आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा बाटल्या आणि वायनरीचे कागद. वेगळ्या ठेवलेल्या वाईनमधल्या एवढ्याच उरल्या होत्या, बाकीच्या चाचण्यांमध्ये आणि पाहुण्यांत संपल्या होत्या. बंदराच्या वाटेवर एका एजंटाचं ऑफिस होतं, त्याच्याकडे खोकं द्यायचं होतं. खोक्याची कागदपत्रं त्यानं अजून पुरी केली नव्हती, म्हणून तो म्हणाला, उद्या या. मित्राच्या विचुंब्याच्या खोलीवर दारूची बाटली नेली असती तर घरमालकानं त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं. म्हणून मी म्हणालो, आमच्याकडे ठेवू या.

आईला पाहुणा आल्याचा आनंद झाला. खोक्याकडे मात्र ती जरा बिचकून बघत होती. काकांनी तिला समजावलं, ‘‘ताई, याला ऊन लागू देऊ नका. गारव्याला ठेवा म्हणजे झालं. उष्णतेनं खराब होतं.’’

‘‘मासलीसारखाच हाय म्हणा की,’’ आई म्हणाली.

‘‘तसंच समजा.’’

रात्री खोकं आतल्या खोलीत फरशीवर पलंगाखाली ठेवलं. काका तिथंच खाली झोपले. माळकरी माणसासाठी आईनं वेगळ्या भांड्यात वरणभात केला होता.

दुसऱ्या दिवशी मी, मित्र आणि काका एजंटाकडे गेलो. कागद होईपर्यंत खोकं उन्हात फिरवायला नको म्हणून ते घरीच ठेवलं. त्यानं आम्हाला बसवून ठेवलं. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी शिक्का दुसऱ्याकडे. खिडकीतून ट्रेलरच्या रांगा दिसत होत्या आणि धुळीनं त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. तो शेवटी म्हणाला, ‘‘उद्या सकाळी खोकं घेऊन या, नक्की जाईल.’’ काका त्याला दोनदा नमस्कार करून निघाले.

त्या दिवशी करंजाड्याला दुपारभर लाईट नव्हती. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. आईनं पलंगाखाली हात घालून बघितला तर फरशीसुद्धा कोमट लागली. बाटल्या तापतील, या विचारानं ती अस्वस्थ झाली. बाबा रात्रभर गाडी चालवून सकाळी आले होते, ते घोरत होते. मग तिनं तिला येत होतं ते केलं. पेटीतली मासळी बादलीत काढली, बर्फाचा चुरा टाकला, वर जाडं मीठ मारलं. मिठानं बर्फ जास्त गार होतो आणि लवकर वितळत नाही, असं आमच्याकडे सगळ्या बायका मानतात. सहा बाटल्या बोंबलासारख्या आडव्या रचल्या, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. वर गोणपाट. आमच्या घरात बर्फानं कधी काही बिघडलेलं नाही. जे बिघडलं ते बर्फ कमी पडून.

आम्ही संध्याकाळी आलो तेव्हा ती दारातच म्हणाली, ‘‘भाऊ, तुमी काय काळजी करू नका. लाईट गेली, तरी मी सगला बरोबर ठेवलाय. एकदम गार.’’

तिनं झाकण उघडलं. पहिली बाटली वर काढली तेव्हा ती हसत होती. बाटलीचं लेबल तिच्या हातात आलं. आतली वाईन अर्धी पांढरी, किसलेल्या बर्फासारखी दिसत होती. बूच वरचं वेष्टण फाडून बोटभर वर आलं होतं. दुसऱ्या बाटलीचं तसंच. तिसरीचं बूच जागेवर होतं, पण कडेनं ओघळ आला होता. तळाला साखरेसारखे बारीक खडे बसले होते.

 काका खाली बसले आणि एकेक बाटली धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

‘‘काय जाला?’’ आई मला विचारत होती. ‘‘काय जाला रं? गार नको होता काय?’’

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. पाणी गोठलं की फुगतं, मिठानं बर्फाचं तापमान शून्याखाली जातं, हे मी तिला नीट सांगू शकलो असतो. पण त्या घडीला त्याचा कुणाला काय उपयोग होता? मी म्हणालो, ‘‘काय नाय आये, बघतो आम्ही.’’ आणि मला काय बघायचं तेच कळत नव्हतं.

मित्रानं वायनरीतल्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याला सगळं सांगितलं.

‘‘फिश के आइस में?’’ तो म्हणाला. मग सावरून मराठीत बोलू लागला. ‘‘ठीक आहे. ठीक आहे. कदाचित काहीच झालं नसेल. खड्यांची काळजी करू नका, ते थंडीनं पडतात. पण बूच सरकलंय म्हणजे हवा गेली असेल, किंवा नसेलही. मी इथून काय सांगू? जिचं बूच जास्त वर आलंय ती उघडा आणि चाखून मला सांगा.’’

घरात बूच काढायचं काही नव्हतं. बाबा उठले होते, त्यांनी गाडीच्या हत्यारांतली पक्कड आणली आणि बूच उपटलं. वितळायची वाट बघून आईनं स्टीलच्या पेल्यांत ओतलं. आणि मग आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ज्याची वाईन तो माळकरी. त्याचा मुलगा वडिलांसमोर पेल्याला हात लावेना. आई पीत नाही. राहिलो मी आणि बाबा.

बाबांनी एका दमात पेला संपवला.

‘‘सांगा,’’ फोनमधून आवाज आला.

‘‘पाणी हाय,’’ बाबा म्हणाले. ‘‘चढत नाय काय नाय.’’

‘‘ते सोडा. वास कसा आहे? उकडलेल्या सफरचंदासारखा येतोय का?’’

‘‘सफरचंद कोण उकडतंय?’’ बाबांनी मला विचारलं.

मी घोट घेतला. मला खरंच नीट सांगायचं होतं. काकांची बाग माझ्या जिभेवर होती असं मला वाटत होतं आणि जीभ अडाणी होती. आधी थंड लागलं, मग आंबट, कच्च्या पेरूच्या सालीजवळ लागतं तसं. गिळल्यावर दाढांच्या मागे काहीतरी राहिलं, कडू म्हणावं तर कडू नाही. उन्हात तापलेल्या कातळावर पाणी मारल्यावर जो वास येतो तोही आल्यासारखा वाटला. पण पेल्याला मासळीचाही वास असेल. हे सगळं आधीपासून तसंच होतं की बर्फानं झालं, ते मी कशावरून ओळखणार?

‘‘आंबट आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आंबट चांगलं की आंबट वाईट? म्हणजे लिंबासारखं की व्हिनेगरसारखं?’’

‘‘पेरूसारखं.’’

‘‘पेरू? बरं. शेवट कसा आहे? लांबतो का?’’

मी पुन्हा घोट घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काका तर असे, की मी निकालच सांगणार आहे. ‘‘लांबतो,’’ मी म्हणालो. ‘‘मला वाटतं लांबतो. सर, मी आधी कधी प्यायलेलो नाही.’’

फोनवरच्या माणसानं उसासा टाकला. वाईट नव्हता तो. म्हणाला, ‘‘माझ्याकडे दुसरी बाटली असती तर पाठवली असती. आहे तीच पाठवा. बुचं दाबून वर मेण लावा. बघू.’’

काकांनी उघडलेली बाटली नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मी आशेनं विचारलं, ‘‘काय वाटतं काका?’’

‘‘काय वाटणार? मी द्राक्ष चाखलंय, पोरा. हे नाही.’’

उरलेल्या पाच बाटल्या आईनं चिंचेच्या पाण्यानं धुतल्या, पुन्हा धुतल्या आणि प्रत्येक वेळी नाकाशी नेऊन बघितल्या. लेबलं तिनं दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. बाबांनी मेणबत्ती पेटवून बुचांवर मेण सोडलं. सकाळी लेबलं खळीनं चिकटवली, ती थोडी सुरकुतली. खोकं एजंटाकडे पोचलं. निघताना आईनं काकांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. ते पटकन मागे सरले. ‘‘ताई, असं करू नका. तुम्ही जीव लावून केलंत.’’

‘‘तुमची बाग गेली तर?’’

‘‘अजून कुठं गेली?’’

पावसाळा गेला तरी उत्तर आलं नाही. आई मला रोज विचारायची, ‘‘आला काय रं काय?’’ मी नाही म्हणायचो. वायनरीवाला मेल पाठवत होता, तिकडून बघतो, कळवतो एवढंच येत होतं. मित्रही मला तेवढंच सांगू शकत होता. आईला वाटे मी शिकलेला, मी इंग्रजीत फोन करीन आणि काहीतरी होईल. ‘‘तू बोल ना त्यांच्याशी,’’ ती म्हणायची. ‘‘सांग आमची चूक हाय, द्राक्षांची नाय.’’ मी हो म्हणायचो. कुणाला फोन करणार होतो मी?

मग तिनं स्वतःच चौकशी सुरू केली. बाजाराच्या रस्त्याला वाईन शॉप आहे, तिथल्या माणसाला तिनं टोपली डोक्यावर घेऊनच विचारलं, वाईन गोठली तर नासते काय? तो म्हणाला, ‘‘मावशी, तुम्ही कधीपासून?’’ ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या कोळणी गिऱ्हाईक नसलं की सुरू करायच्या.

‘‘काय गो, आज पापलेट हाय का वाईन?’’

‘‘तिचा पोरगा इंजिनेर हाय, ती आता इंग्लिश पिनार.’’

एरवी आईनं चारचौघींत त्यांना गप्प केलं असतं. ती नुसती मासळीवर पाणी मारत राहायची. मी एकदा डबा द्यायला गेलो असताना हे ऐकलं, डबा ठेवला आणि तसाच निघालो.

एकदा ती म्हणाली, ‘‘आपला गाव उठला तवा आपल्या हातात काय नव्हता. पन ह्याचा तर मीच केलाय ना?’’ मी तिला समजावलं की अजून उत्तर आलेलं नाही, कदाचित वाईनला काही झालंही नसेल. ती ऐकून घ्यायची. पण तिला ते पटायचं नाही.

छाटणीचे दिवस आले. खालची बाग छाटून झाली, वरची तशीच ठेवली होती. काका चुलत्याला म्हणत, आणखी थोडं थांब. चुलता थांबत होता. तोही काही दुष्ट माणूस नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीला मित्र गावी गेला. मध्ये काही दिवस त्यानं फोन उचलला नाही. मग एका सकाळी त्याचाच आला. आई मोरीपाशी कोळंबी सोलत बसली होती.

‘‘उत्तर येऊन गेलं,’’ तो म्हणाला. ‘‘तुला फोन करवत नव्हता. पण वाईनमध्ये काही दोष नव्हता, भावा. एकदम स्वच्छ म्हणाले. आवडली त्यांना. आईला सांग आधी.’’

मी सांगितलं. आईनं हात तसेच ओले ठेवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘भाऊंना दे.’’ मित्रानं फोन काकांकडे दिला, मी स्पीकर लावून आईसमोर धरला.

‘‘ताई,’’ काका म्हणाले, ‘‘तुमच्या बर्फानं काही झालं नाही बरं का. मनातून काढून टाका.’’

‘‘खरा सांगताय ना? मना बरा वाटावा म्हणून नाय ना?’’

‘‘माळेची शपथ. चांगली लागली त्यांना.’’

आई रडत हसली. ओल्या मनगटानंच तिनं डोळे पुसले. ‘‘मंग बाग राहिली.’’

तिकडे कुणीतरी भांडी हलवत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

‘‘नाही ताई. त्यांचं म्हणणं, वाईन चांगली आहे, पण इतक्या थोडक्या मालाचं आम्ही काय करावं? त्यांना कंटेनर भरून लागते.’’

‘‘मंग अजून लावा थोडी.’’

‘‘कुठं लावू? वर खडक, शेजारी दुसऱ्याचं रान. तेवढीच जागा होती ती.’’ काका म्हणाले. ‘‘काल ट्रॅक्टर आणला. दुपारपर्यंत निघाली सगळी. वस्तीवरचे लोक सरपणाला वेली घेऊन गेले.’’